वजन उतरलं, आता वही कशाला? इथंच गाडी घसरते! खाण्याची नोंद टिकवण्याचे सोपे उपाय

मंगरूळपीर : तीन-चार महिने मन मारून जेवण आवरलं. रोज सकाळी गावाबाहेर चालणं केलं. काय खाल्लं ते वहीत लिहिलं. सात-आठ किलो वजन उतरलं, गुडघ्याची कुरकुर कमी झाली, साखरही आटोक्यात आली. मग एक दिवस वाटलं, "आता झालं की! रोज रोज काय लिहायचं?" वही कपाटावर गेली आणि लग्नसराई संपेपर्यंत पॅन्ट परत घट्ट.

आपल्या तालुक्यात हे अनेकांच्या ओळखीचं आहे. वजन कमी करण्याच्या पद्धती सगळ्यांना ठाऊक आहेत. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी सांगितलेली 'दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांत जेवण' ही पद्धत तर गावोगावी पोहोचली. कोणती पद्धत चांगली, हा आजचा विषय नाही. उतरलेलं वजन टिकवायचं कसं आणि त्यासाठी लिहिण्याचा कंटाळा घालवायचा कसा, एवढंच पाहू.

कंटाळा का येतो?

वजन उतरत असतं तेव्हा काटाच आपली पाठ थोपटतो. या आठवड्यात अर्धा किलो, पुढच्या आठवड्यात आणखी अर्धा. लिहिल्याचं फळ डोळ्यांसमोर दिसतं. वजन टिकवायचं म्हटलं की काटा जागेवरच राहतो. खरं तर हेच यश आहे, पण मनाला ते यश वाटत नाही. लोकही "बारीक झालास बुवा" म्हणायचं थांबतात.

तिकडे शरीर मात्र गप्प बसलेलं नसतं. कमी वजनाच्या शरीराला इंधनही कमी लागतं, म्हणजे पूर्वीएवढं जेवण आता जास्त होतं. शिवाय भूक वाढते. ऑस्ट्रेलियात 10 आठवडे कमी आहार देऊन वजन उतरवलेल्या लोकांची वर्षभरानंतर तपासणी झाली, तेव्हाही भूक वाढवणारी संप्रेरकं पूर्वीपेक्षा जास्तच होती. हा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. म्हणून वजन परत वाढलं तर "माझ्यात दमच नाही" असं स्वतःला बोलू नका. शरीर ओढ घेतं, आपण फक्त लगाम हातात ठेवायचा.

नोंदीनं खरंच फरक पडतो का?

पडतो. अमेरिकेत सुमारे 1700 लोकांवर झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून सहा दिवस खाणं लिहिणाऱ्यांचं वजन, एखाद दिवस लिहिणाऱ्यांच्या किंवा न लिहिणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट कमी झालं.

वजन टिकवण्याबद्दलचा अभ्यास 2006 सालचा आहे. वजन उतरवलेल्या 314 जणांचे तीन गट केले आणि दीड वर्ष त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. ज्यांना नुसती माहितीपत्रकं मिळाली, त्यांच्यातल्या 72 टक्के लोकांचं वजन सव्वादोन किलो किंवा त्याहून जास्त वाढलं. जे प्रत्यक्ष भेटत होते आणि नियमित वजन करून सांगत होते, त्यांच्यात हे प्रमाण 46 टक्के होतं. म्हणजे तिथंही काहींचं वजन वाढलंच, पण फरक मोठा आहे.

तीन रंगांचा नियम

याच अभ्यासात लोकांना रंग ठरवून दिले होते. तो नियम आपल्यालाही सोपा आहे :

- हिरवा : ठरलेल्या वजनापेक्षा दीड किलोपर्यंत वाढ. काळजी नाही, थोडक्यात नोंद पुरे.
- पिवळा : दीड ते सव्वादोन किलो वाढ. सावध व्हा, कुठं वाढलं ते शोधा.
- लाल : सव्वादोन किलोच्या वर. वही पुन्हा उघडा आणि वजन हिरव्यात येईपर्यंत सगळं लिहा.

याचा फायदा असा की जन्मभर कणन् कण लिहायची गरज उरत नाही. पाणी फाउंडेशनच्या कामात गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडला, तो आठवा. बांध-बंधारे एकदा होतात, पण किती पाणी आलं आणि किती वापरलं हे दर वर्षी पाहावं लागतं. वजनाचंही तसंच आहे.

काटा नेहमी एकच वापरा, आठवड्यातून निदान एकदा, सकाळी, काही खाण्याआधी. घरी काटा नसेल तर टेपनं कंबर मोजा. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बायकांची 80 सेंटिमीटरच्या वर गेली की धोका सुरू होतो. आशाताई तपासणीचा फॉर्म भरताना कंबर विचारतात ती यासाठीच.

सगळं नका लिहू, निसटतं तेवढंच लिहा

दोन भाकरी, वरण, भाजी हे जेवण रोजचंच आहे. वजन वाढतं ते बहुतेक मधल्या खाण्यानं. आपल्याकडची निसटणारी ठिकाणं अशी :

चहा : एका कपात दोन चमचे साखर धरली तर पाच कपांत दहा चमचे, म्हणजे 40 ते 50 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत ठेवा, 25 च्या आत ठेवली तर आणखी चांगलं. म्हणून कप मोजा. कॅलेंडरवर कपाला एक रेघ, बस.

तेल : तेलाचा डबा उघडला की त्यावर तारीख टाका. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2000 कॅलरींच्या ताटात तेल-तूप दिवसाला सुमारे 27 ग्रॅम आहे. या हिशेबानं चार मोठ्या माणसांच्या घरात 5 लिटरचा डबा साधारण 40 दिवस पुरायला हवा. 25 दिवसांत संपत असेल तर वहीची गरजच नाही, डबाच सांगतोय.

बाजाराचा दिवस : आलूबोंडा, कचोरी, शेव-चिवडा. "एकच खाल्ला" हे घरी येईपर्यंत विसरलेलं असतं.

उरलेलं अन्न : घरातल्या बाया वाया जाऊ नये म्हणून पोरांच्या ताटातलं संपवतात. चव पाहताना दोन घास, भांडं पुसताना एक. हे जेवणात धरलं जात नाही, पण पोटात जातंच.

उपवास : साबुदाण्याची उसळ, त्यात दाण्याचा कूट, वर तळलेले चिप्स. उपवासाच्या दिवशीही नोंद हवी.

मोबाईल आहे ना, मग पेन कशाला?

लिहायचा कंटाळा असेल तर ताटाचा फोटो काढा. तोही जमत नसेल तर रात्री अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज करून स्वतःलाच पाठवा. अ‍ॅप वापरलं तरी चालेल, पण रोडगे आणि बिट्ट्या त्यात सापडत नाहीत म्हणून अडून बसू नका. "तीन बिट्ट्या, दोन वाट्या वरण" एवढं लिहिलं तरी काम होतं. ग्रॅमचा अट्टहास नको.

सगळ्यात कामाचा उपाय म्हणजे जोडीदार. भाऊ, बहीण, मैत्रीण, कोणीही एक जण. दर रविवारी एकमेकांना फक्त रंग कळवायचा : हिरवा, पिवळा की लाल. मोठा ग्रुप काढला की दोन दिवसांत त्यात गुड मॉर्निंगचे फोटो सुरू होतात. दोघंच बरे.

हंगाम बदलला की जेवण बदला

शहरातल्या सल्ल्यात ही गोष्ट सहसा नसते. पेरणी, निंदण, सोयाबीनची सोंगणी, तूर काढणी या दिवसांत अंगमेहनत भरपूर असते आणि भाकरीही तेवढी लागते. वावरातलं काम संपलं तरी ताटातली भाकरी तेवढीच राहते, वर उन्हाळ्यात लग्नाच्या पंगती. म्हणून फेब्रुवारी ते मे हे चार महिने नोंद घट्ट ठेवा. कामाच्या दिवसांत ती सैल झाली तरी चालेल.

पोळ्याला पुरणपोळी खा, महालक्ष्मीचं जेवण जेवा, महाप्रसादाला नाही म्हणू नका. फक्त दुसऱ्या दिवशी नोंद परत सुरू करा. एक दिवस चुकल्यानं वजन वाढत नाही. "आता मोडलंच आहे तर राहू दे" म्हणून पुढचे पंधरा दिवस सोडून दिले, की वाढतं.

हे लक्षात ठेवा

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी वजन उतरवण्याच्या मागे लागू नये. लिहिता लिहिता खाण्याचीच भीती वाटू लागली, घासाघासाला अपराधी वाटू लागलं, तर वही बंद करा आणि डॉक्टरांशी बोला. वय तिशीच्या पुढे असेल तर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब आणि साखर मोफत तपासून मिळते. वर्षातून एकदा जाऊन या आणि तो आकडाही त्याच वहीत लिहा. काट्यावर बदल दिसत नाही तेव्हा हाच आकडा सांगेल की मेहनत फुकट गेलेली नाही.

आज एवढंच करा : कॅलेंडरवर आजचं वजन लिहा, तेलाच्या डब्यावर तारीख टाका आणि रविवारी रंग कोणाला कळवायचा ते ठरवा.