लालभडक साडी मधमाशीला दिसते काळपट! मग फूल कसे सापडते?

इचलकरंजी : यंत्रमागाच्या या गावात कापडाच्या रंगाची पारख पोरासोरांनाही असते. पण दुकानात टांगलेली लालभडक साडी मधमाशीला काळपटच दिसते. कारण लाल रंग टिपायची सोय तिच्या डोळ्यात नाही.

माणसाचा डोळा लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांवर चालतो. मधमाशीचेही रंग तीनच, पण ते हिरवा, निळा आणि अतिनील. अतिनील किरणे उन्हात असतात, माणसाला मात्र ती दिसत नाहीत.

रिकाम्या बशीवरही माशा आल्या

मधमाशीला रंग कळतो, हे ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ च्या सुमारास दाखवून दिले. त्यांनी निळ्या कागदावर साखरपाणी ठेवून माशांना सवय लावली. नंतर करड्या रंगाच्या फिक्या-गडद कागदांमध्ये निळा कागद मांडला. बशी रिकामी असूनही माशा निळ्यावरच आल्या. लाल कागद वापरल्यावर मात्र त्यांची काळ्या कागदाशी गल्लत झाली. फ्रिश यांना पुढे १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

सूर्यफुलातली खूण

सूर्यफुलाची पाकळी माणसाला सगळी पिवळीच दिसते. प्रत्यक्षात तिचे टोक अतिनील किरणे परत फेकते आणि बुडाकडचा भाग ती शोषून घेतो. त्यामुळे माशीला फुलाच्या मध्याभोवती गडद कडे दिसते. मकरंद कुठे आहे, याची ती जणू पाटीच!

मग लाल फुलांवर माशा बसतातच कशा? काही लाल फुले अतिनील किरणे परत फेकतात. शिवाय वास आणि हिरव्या पानांत उठून दिसणारा आकार यांवरूनही माशी फूल हुडकते.

फवारणीची वेळ सांभाळा

शेतकऱ्यांच्या कामाची गोष्ट पुढेच आहे. औषध मारले म्हणून फुलावरची खूण पुसली जात नाही. माशी नेहमीसारखी येते आणि विष घेऊन जाते. माशा कमी झाल्या की सूर्यफुलाचे दाणे पोचट राहतात, काकडी वाकडी होते, भोपळ्याची कळी गळते.

म्हणून पीक फुलोऱ्यात असताना फवारणी शक्यतो टाळावी. करावीच लागली तर सकाळी नको, दिवस मावळताना, माशा पोळ्याकडे परतल्यावर करावी. खर्च तेवढाच येतो, फक्त वेळ बदलायची.