पर्वतारोहण आणि परोपकार

कोणी पर्वत चढल्याने दूरच्या रुग्णाचे दुःख कसे हलके व्हावे, असा प्रश्न विद्यार्थ्यांस पडणे साहजिक आहे. रीत अशी आहे : आरोहक आपला संकल्प आधी जाहीर करितो, आणि लोक त्याच्या श्रमांचा मान राखून धर्मकार्यास देणगी देतात. सन २००९ च्या मार्च महिन्यात ९ गायक व निवेदक आफ्रिकेतील १९,३४० फूट उंचीचा किलिमांजारो चढले, व हिवतापापासून रक्षण करणाऱ्या मच्छरदाण्यांकरिता त्यांनी निधी जमविला.

मात्र दोन गोष्टी आम्हांस अगत्याच्या वाटतात. आरोहकाने प्रवासखर्च पदरचा करावा, देणगीस हात लावू नये. आणि ओझी वाहणाऱ्या हमालांस पुरती मजुरी मिळावी. गरिबाच्या पाठीवर भार टाकून गरिबांसाठी केलेले दान देवास कसे रुचेल?