इमारत दुरुस्त करायची की पाडायची? सी-१, सी-२, सी-३ म्हणजे नेमकं काय?

स्लॅबचा गिलावा पडला की सोसायटीचा उपाय ठरलेला असतो. सिमेंट थापा, रंग मारा. पण आतली सळई गंजली असेल तर हा खर्च पाण्यात जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतच राहतं.

मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. हॅमर टेस्ट, अल्ट्रासोनिक टेस्ट, काँक्रीटचे नमुने अशा तपासण्यांनंतर वर्गवारी ठरते. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-२बी म्हणजे घरं रिकामी न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती. सी-२ए असेल तर मोठ्या दुरुस्तीसाठी इमारत पूर्ण किंवा थोडी रिकामी करावी लागते. आणि सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडायची.

खरी भांडणं सी-१ वरूनच होतात. मालकाचा ऑडिटर म्हणतो पाडा, भाडेकरूंचा म्हणतो दुरुस्त होईल. असे उलटसुलट अहवाल आले की प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. म्हणून नुसता विरोध करून भागत नाही, भाडेकरूंकडे स्वतःचा ऑडिट रिपोर्ट हवा. घर सोडण्याआधी आपलं नाव आणि खोलीचं क्षेत्रफळ महापालिकेने नोंदवलंय का, तेही बघा. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही.