पाय रोवून झुकलेली अक्षरे

आपली देवनागरी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. इंग्रजी अक्षरे मात्र एका अदृश्य रेषेवर उभी असतात. त्यांच्या दांड्यांच्या शेवटी जी लहान आडवी टोके दिसतात, त्यांना सेरिफ म्हणतात. बहुतेक पुस्तकांत ही टोके नाजूक व निमुळती असतात. परंतु अक्षरांचे एक घराणे असे आहे, की त्यातील टोके लाकडी ठोकळ्यांसारखी जाड व चौकोनी असतात. त्याला स्लॅब सेरिफ असे नाव आहे.

हे घराणे इंग्लंडात उदयास आले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या भिंती जाहिरातींनी भरून जाऊ लागल्या. सोडतीची जाहिरात नाटकाच्या जाहिरातीला खेटून चिकटवलेली. वाटसरूची नजर आपल्याकडेच वळावी, अशी प्रत्येकीची धडपड! तेथे पुस्तकातील नाजूक अक्षराचा काय पाड लागणार? १८१५ च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्स या लंडनच्या कारखानदाराने जाड पायांच्या अक्षरांचे खिळे ओतले. पुढे १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्लीच्या कारखान्यातून क्लॅरेंडन नावाचा, काहीशा सौम्य वळणांचा टाइप बाहेर पडला. शब्दकोशात मूळ शब्द ठळक व त्याचा अर्थ साध्या अक्षरांत छापण्यास तो फार सोयीचा ठरला. बेस्लीने त्याची कायद्याप्रमाणे नोंद केली होती. पण त्या संरक्षणाची मुदत अवघी तीन वर्षांची होती. ती सरताच इतरांनी त्याच्या नकला विकावयास काढल्या. श्रम एकाचे आणि लाभ अनेकांचा!

तिरप्या अक्षरांची कथा याहून जुनी आहे. १५०१ मध्ये व्हेनिस येथील मुद्रक आल्डस मनुटियस याने हस्ताक्षराच्या वळणाची तिरपी अक्षरे वापरून लहान आकाराचे पुस्तक छापले. ती अक्षरे फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने कोरली होती. सरळ मजकुरात एखादा शब्द वेगळा दाखवण्यासाठी त्यांचा उपयोग पुढे रूढ झाला.

आता जाडी, चौकोनी पाय आणि तिरपेपणा एकत्र आले म्हणजे काय होते, ते पाहा. भरलेली हातगाडी ढकलणारा हमाल तुम्ही पाहिला असेल. त्याचे शरीर पुढे झुकलेले असते, पण पाय जमिनीत घट्ट रोवलेले असतात. या अक्षरांचा दांडा तसाच झुकतो आणि पाय मात्र आडवेच राहतात. त्यामुळे त्यांत बळ आणि वेग दोन्ही भासतात. सामन्यांचे जाहीरपत्रक, दुकानाची पाटी किंवा मोठा मथळा यांना ती शोभून दिसतात.

धातूच्या खिळ्यांच्या काळात तिरप्या अक्षरांनी जुळाऱ्याची चांगलीच परीक्षा घेतली. खिळा सरळ आणि अक्षर तिरपे. त्यामुळे काही अक्षरांचे टोक खिळ्याच्या कडेबाहेर येई आणि जरा धक्का लागताच मोडे. आता अक्षरे संगणकावर जुळतात, तेव्हा ही अडचण उरलेली नाही. दुसरी मात्र कायम आहे. दांडे जाड झाले की अक्षराच्या पोटातील पांढरी जागा आक्रसते. अशी अक्षरे बारीक आकारात छापली, तर ‘ए’ आणि ‘ई’ यांची लहान लिपीतील पोटे शाईने बुजतात आणि चार ओळींतच डोळे शिणतात. म्हणून जाणता मुद्रक मथळ्याचे दोन-तीन शब्द या अक्षरांत घेतो आणि खालचा मजकूर साध्या अक्षरांवर सोपवतो.