रेस सोडली की सुकाणूही सुटतं

'समोर काही आलं की रेस सोडायची आणि हॅण्डल वळवायचं, बस्स.' जेटस्कीवर पहिल्यांदा बसणाऱ्याला लाइफ जॅकेटचे पट्टे आवळता आवळता दिला जाणारा हा सल्ला मी कोकणातही ऐकला, गोव्यातही ऐकला आणि दर वेळी माझा संताप झाला. ऐकणाऱ्याला तो लगेच पटतो, कारण रस्त्यावर आपण तेच करतो: पाय उचलतो आणि गाडी बाजूला घेतो. पाण्यावर जेटच्या बाबतीत याचा परिणाम नेमका उलटा होतो. ज्या क्षणी वळायची सर्वांत जास्त गरज असते, त्याच क्षणी वळण्याची ताकद आपण स्वतःच्या हाताने बंद करतो.

जेटवर चालणाऱ्या बोटीला सुकाणू नसतं. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढलं जातं, इम्पेलर, म्हणजे पंपातला फिरता पंखा, त्याला जोर देतो आणि मागच्या निमुळत्या तोंडातून, म्हणजे नोझलमधून, ते वेगाने बाहेर पडतं. त्या धारेच्या प्रतिक्रियेने बोट पुढे जाते आणि वळतेही त्याच धारेमुळे. हॅण्डल डावीकडे फिरवलं की नोझल वळतं, धार तिरकी सुटते, बोटीचा मागचा भाग उजवीकडे ढकलला जातो आणि तोंड डावीकडे येतं. आता रेस सोडा. धार मंदावते. नोझल वळलेलंच असतं, पण त्यातून जोराने काही बाहेर पडत नाही. बोट मात्र आधीच्या वेगात असते, त्यामुळे तोंड ज्या दिशेला होतं त्या दिशेला ती सरळ जात राहते. हॅण्डल पूर्ण वळवलेलं आहे आणि बोट नाकासमोर धक्क्याकडे चालली आहे, असा हा प्रकार. पहिल्यांदा अनुभवणाऱ्याला वाटतं, स्टिअरिंगच तुटलं.

वर्षानुवर्षं होडी चालवलेली माणसंही इथे फसतात, ती याच कारणाने. होडीच्या सुकाणूला फक्त सरकतं पाणी लागतं; इंजिन बंद असलं तरी ते काम करतं. आउटबोर्ड इंजिनाचा पाण्यात बुडालेला पायसुद्धा रेस सोडल्यावर थोडंफार सुकाणूचं काम करतो. जेटचा असा कुठलाच भाग पाण्यात उतरलेला नसतो. तळ सपाट राहतो, काही अडकत नाही, म्हणून तर लोक जेट घेतात. त्या सोयीची किंमत ही आहे.

कुणाला शंका असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 1998 मध्ये या वाहनांच्या सुरक्षिततेवर प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहावा. रेस सोडल्यावर दिशेवरचा ताबा जातो, हा मुद्दा त्यात स्पष्ट मांडलेला आहे. त्यानंतर उत्पादकांनी उपाय शोधले. काहींनी बाजूला छोटी पाती बसवली, तर काहींनी रेस सोडूनही हॅण्डल पूर्ण वळवलं तर इंजिन आपणहून थोडा जोर देईल अशी सोय केली. सी-डू या ब्रँडने 2009 मध्ये ब्रेक असलेलं मॉडेल आणलं. नोझलमागचं झाकण खाली येऊन धार पुढच्या बाजूला वळवतं आणि वेग मोडतो. पण भाड्याने मिळणारं वाहन जुनं असेल तर त्यात यातलं काहीही नसू शकतं. बसण्याआधी विचारा. उत्तर देणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर ती सोय नाही असं धरून चाला.

मग करायचं काय? अंतर भरपूर असेल तर रेस आधीच कमी करून वेग उतरवा. अंतर कमी असेल तर दोन्ही बाजूंना नजर टाका, हॅण्डल वळवा आणि वळण पूर्ण होईपर्यंत रेस धरून ठेवा. मनाला हे पटायला जड जातं, अडथळ्यासमोर जोर द्यायला हात धजावत नाही. म्हणूनच त्याचा सराव हवा. मोकळ्या पाण्यात, माणसांपासून दूर, एक तरंगता डबा टाका. त्याच्या दिशेने मध्यम वेगाने जा आणि एकदा रेस सोडून, एकदा रेस धरून वळून पाहा. फरक हाताला कळतो.

हाच गैरसमज दुरुस्तीच्या वेळीही पैसे खातो. 'बोट नीट वळत नाही' अशी तक्रार आली की पहिली शंका स्टिअरिंगच्या केबलवर, आणि ती बदलूनही बोट तशीच. अरे, वळवते ती धार! केबलला हात लावण्याआधी धार पुरेशी येते का ते बघा. इंजिनाचा आवाज चढतो, फेरे वाढतात, पण बोट त्या मानाने पळत नाही आणि वळणात घसरते, ही कमकुवत धारेची खूण आहे. इंजिन बंद करा, किल्ली किंवा मनगटाची दोरी काढून घ्या आणि मगच तळाची जाळी तपासा. आपल्या किनाऱ्यांवर तिथे बहुधा प्लॅस्टिकची पिशवी, नायलॉनच्या दोरीचा तुकडा किंवा जाळ्याचा धागा सापडतो. दोरी शाफ्टला गुंडाळलेली असली तर वरून दिसतही नाही.

तिथे काही नसेल तर पंप बघा. इम्पेलरची पाती आणि त्याभोवतीचं कडं, ज्याला वेअर रिंग म्हणतात, यांच्यातली फट मिलिमीटरपेक्षाही कमी असावी लागते. वाळू ओढली गेली की कडं झिजतं, फट वाढते आणि पाणी मागे फेकलं जाण्याऐवजी तिथल्या तिथे निसटतं. पात्यांच्या पुढच्या कडा खडे लागून दुमडल्या असतील तरी तेच. कधी पंप आणि बोटीचा तळ यांच्यातलं सील गेल्याने पंपात हवा शिरते. हवा शिरणं आणि कॅव्हिटेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅव्हिटेशनमध्ये पात्यापाशी दाब इतका उतरतो की पाणी थंड असूनही त्याची वाफ होते, आणि ते बुडबुडे फुटताना धातूवर खड्डे पाडतात. पाती काढल्यावर खड्डे दिसले तर रोग कुठला ते कळतं. एवढं सगळं ठीक असेल आणि हॅण्डल सरळ असूनही नोझल एका बाजूला असेल, तर केबलची पाळी. आणि अगदी मंद वेगात बोट थोडी डावी-उजवीकडे भटकत असेल तर तो बिघाडच नाही. धार कमी आहे, एवढंच.

'जेटला पाणी लागतच नाही' हेही वाळू ओढण्यामागचं एक कारण. ही समजूत अर्धी खरी आहे. न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी 1950 च्या दशकात तिकडच्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठीच ही बोट घडवली. 1960 मध्ये त्यांच्या बोटी कोलोरॅडो नदीतून ग्रँड कॅनियन प्रवाहाविरुद्ध चढून गेल्या. 1977 मध्ये एडमंड हिलरी जेट बोटींनी गंगासागरपासून गंगा चढत निघाले आणि नंदप्रयागजवळच्या धबधब्याने त्यांना थांबवलं. पण उथळ पाण्यात बोट चालते ती वेगात, पृष्ठभागावर उचलली गेल्यावर. उभ्या बोटीत इंजिन सुरू केलं की जाळी खालची वाळू ओढते. म्हणून माहितीपुस्तिका तळाखाली साधारण 60 ते 90 सेंटिमीटर पाणी असू द्या, असं सांगतात.

आणखी काही. न्यूट्रल म्हणजे धार बंद, असं नव्हे: बहुतेक जेटमध्ये इंजिन सुरू असेपर्यंत इम्पेलर फिरतच असतो, नोझलमागचं झाकण अर्ध्यावर येऊन धार पुढे-मागे विभागलेली असते, आणि बोट हळूच सरकते. रिव्हर्समध्ये बोट मोटारीसारखी वळत नाही. हॅण्डल डावीकडे केलं तर मागचा भाग उजवीकडे जातो.

'बाहेर पंखा नाही, म्हणजे इजा नाही' हे मात्र डोक्यातून काढाच. जाळी लांब केस, ओढणी, जॅकेटचा सुटा पट्टा आत ओढू शकते. मागे बसलेला माणूस पडला आणि धारेच्या तोंडाशी आला, तर पाणी शरीरात घुसून आतल्या अवयवांना गंभीर इजा होते. साधा पोहण्याचा पोशाख ती अडवत नाही. उत्पादक वाहनावरच्या सूचनेत वेटसूटची पँट घालायला सांगतात, ते यासाठी. ती सूचना मागे बसणाऱ्या मुलांनाही लागू आहे.