मणका वाजवणाऱ्याची नोंदणी कुठे असते?

मानेला झटका देऊन मणका काडकन वाजवण्याचे व्हिडिओ आता जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरही पाहिले जातात. लावणीत वाकून आणि डोक्यावर हंडे वाहून ज्यांची कंबर धरली आहे, त्यांना ते खरे वाटतात. असा मणका वाजवणारा ‘कायरोप्रॅक्टर’ म्हणजे सरकारमान्य डॉक्टर, असाच बहुतेकांचा समज होतो. पण महाराष्ट्रात त्यांची नोंदणी करणारी परिषदच नाही. २०२१च्या केंद्रीय सहयोगी आरोग्य व्यवसाय कायद्याच्या यादीत भौतिकोपचार (फिजिओथेरपी) आहे, कायरोप्रॅक्टिक नाही. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्यात त्यांचं परवाना मंडळ आहे. कॅलिफोर्नियाच्या मंडळात पाच कायरोप्रॅक्टर आणि दोन सामान्य नागरिक असतात, आणि सातही जणांना गव्हर्नर नेमतो. तो परवाना इथल्या दवाखान्यात लागू होत नाही.

‘मेडिकल कौन्सिल म्हणजे मंत्रालयातलं खातं’ हाही गैरसमज. महाराष्ट्र वैद्यक परिषद १९६५च्या कायद्याने उभी राहिली. तिचे नऊ सदस्य नोंदणीकृत डॉक्टर मतदान करून निवडतात. बाकीचे सरकारनियुक्त आणि पदसिद्ध. रुग्णाला या निवडणुकीत मत नाही. कॅलिफोर्नियासारख्या नागरिकांच्या दोन जागा इथेही हव्यात, असं मला मनापासून वाटतं. तक्रार रुग्णाची असते आणि निकाल डॉक्टरांच्या हाती!

शिवाय सगळ्यांची परिषद एकच नाही. वैद्यक परिषद एमबीबीएस आणि त्यावरच्या पदव्यांसाठी आहे. आपल्या पाड्यांवर येणाऱ्या भरारी पथकातले बीएएमएस डॉक्टर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनमध्ये नोंदलेले असतात. फिजिओथेरपिस्टसाठी २००२च्या कायद्याची वेगळी परिषद आहे. म्हणून पाटीवर नुसती पदवी वाचू नका. नोंदणी क्रमांक आणि परिषदेचं नाव विचारा. खरा डॉक्टर ते विनासंकोच सांगतो.

परिषदेकडे तक्रार केली की भरपाई मिळते, असंही नाही. ती ताकीद देते, किंवा नोंदवहीतून नाव काही काळासाठी वा कायमचं काढते. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. ज्याचं नाव कुठल्याच नोंदवहीत नाही, त्याला परिषद कशातून काढणार? त्याची तक्रार तालुका आरोग्य अधिकारी किंवा पोलिसांकडे करायची.

पाठदुखीसोबत बारीक ताप, घटतं वजन किंवा पायांना मुंग्या असतील, तर मणक्याचा क्षय असू शकतो. अशा मणक्यावर जोर दिला तर पाय कायमचे लुळे पडण्याची भीती असते. आधी जव्हारचं पतंगशाह रुग्णालय किंवा मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय गाठा. क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.