निकोडेमस (कॅन्सस)

निकोडेमस हे अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील ग्रॅहम काउंटीमधील एक छोटे गाव आहे. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आफ्रिकी-अमेरिकन लोकांनी मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस वसवलेल्या गावांपैकी हे सर्वांत जुने टिकून असलेले गाव मानले जाते. २०२० च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या १४ होती.

स्थापना

इ.स. १८७७ मध्ये कृष्णवर्णीय धर्मोपदेशक डब्ल्यू. एच. स्मिथ आणि श्वेतवर्णीय जमीन व्यावसायिक डब्ल्यू. आर. हिल यांनी इतरांसह गावाची स्थापना केली. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार पाच वर्षे जमीन कसणाऱ्यास १६० एकर जमीन मिळत असे. जाहिराती वाचून केंटकी राज्यातून सप्टेंबर १८७७ मध्ये सुमारे ३०० जणांचा जथा आला. एलिस या रेल्वे स्थानकापासून पुढील अंतर त्यांना पायी तुडवावे लागले. प्रत्यक्षात तेथे गाव नव्हते. होता तो वृक्षहीन माळ आणि जमिनीत खोदलेली निवासस्थाने. काही कुटुंबे निराश होऊन परतली. उरलेल्यांना पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी अन्न दिले.

भरभराट

पुढील दशकात शेती स्थिरावली आणि शाळा, चर्च, दुकाने व हॉटेल उभे राहिले. १८८६ व १८८७ मध्ये दोन वृत्तपत्रेही सुरू झाली. येथील रहिवासी एडवर्ड मॅककेब १८८२ मध्ये कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. राज्यस्तरीय पदावर निवडून आलेले ते कॅन्ससमधील पहिले कृष्णवर्णीय होत.

रेल्वे आणि ऱ्हास

लोहमार्ग गावातून जावा यासाठी ग्रामस्थांनी १८८७ मध्ये १६,००० डॉलरचे रोखे देण्यास मतदानाने मान्यता दिली. तथापि १८८८ मध्ये मार्ग सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून, काही मैलांवरून गेला आणि त्यालगत बोग हे नवे गाव वसले. अनेक व्यापारी आपली दुकाने घेऊन तिकडे गेले. शेतकरी मात्र जमीन धरून राहिले. १९३० च्या दशकातील दुष्काळ, धुळीची वादळे व महामंदी यांमुळे स्थलांतर वाढले. १९५३ मध्ये टपाल कार्यालय आणि १९६० मध्ये शाळा बंद झाली.

वारसा

१९९६ मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. जुने चर्च, शाळा, हॉटेल व चुनखडी दगडाचे सभागृह यांसह पाच वास्तूंचा त्यात समावेश आहे. दरवर्षी जुलैच्या अखेरीस होणाऱ्या मुक्तिदिनाच्या सोहळ्यासाठी देशभर विखुरलेले मूळ वसाहतकऱ्यांचे वंशज येथे एकत्र येतात.